तुम्ही विचारा: तीन टर्मची अट लावली तर घराणी थांबतील का?

प्रश्न: सर, आमच्या निपाणी-चिकोडी भागात इलेक्शन आलं की तीच ती आडनावं. 2024 ला चिकोडीतून खासदार झाल्या त्या प्रियांका, म्हणजे मंत्री सतीश जारकीहोळींची मुलगी, आणि हरले ते अण्णासाहेब जोल्ले, ज्यांच्या मिसेस शशिकला इथल्या आमदार. आमच्या ग्रुपवर सगळे बोलूलेत की फिलिपिन्ससारखी तीन टर्मची अट आणा, विषय संपला. तिथं 2022 ला उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या सारा दुतेर्तेचं नाव पण सारखं निघतं. खरंच अशी अट लावून काय फरक पडतो का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: अट चांगलीच आहे हो, पण नुसत्या अटीनं घराणं थांबत नाही आणि ते बघायचं असेल तर सारा दुतेर्तेंचाच प्रवास बघा. 1986 ला तिथले हुकूमशहा मार्कोस पळाले, पुढच्या वर्षी नवीन राज्यघटना आली, तिच्यात मेयर-गव्हर्नरची टर्म तीन वर्षांची आणि लागोपाठ तीनच टर्म असं ठरलं. लागोपाठ तीन, म्हणजे एक टर्म बाहेर बसलं की परत उभं राहायला मोकळे.

आता दावाओ शहर घ्या. साराचे आजोबा दावाओ प्रांताचे गव्हर्नर, वडील रॉद्रिगो 1988 पासून मेयर, तीन टर्म संपल्या तसे 1998 ला संसदेत गेले, 2001 ला परत मेयर, परत तीन टर्म, मग 2010 ला अट आडवी आली तर मुलगी मेयर आणि बाप व्हाईस मेयर! 2013 ला बाप परत मेयर आणि मुलगा पाओलो व्हाईस मेयर, 2016 ला बाप राष्ट्राध्यक्ष झाला तशी सारा परत मेयर, 2022 ला ती देशाची उपराष्ट्राध्यक्ष झाली तर मेयर तिचा धाकटा भाऊ सेबास्टियन. आणि 2025 च्या मे महिन्यात रॉद्रिगो आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयाच्या कोठडीत हेगला, ड्रग्जविरोधी मोहिमेतल्या हत्यांवरून मानवतेविरुद्ध गुन्ह्यांचा आरोप, तरी दावाओनं मेयर म्हणून त्यांनाच निवडून दिलं. अट कुठंच मोडली नाही, सगळं नियमात बसवून झालं.

सारा नुसती बापाच्या नावावर आली असं मात्र मी म्हणणार नाही. 2011 च्या जुलैमध्ये दावाओत एका झोपडपट्टीवर कोर्टाचा बुलडोझर आला, हिनं थोडा वेळ थांबा म्हणून सांगितलेलं, कोर्टाचा अधिकारी थांबला नाही तर हिनं कॅमेऱ्यासमोर त्याला ठोसे मारले. गरिबांना ती आपली वाटली, आणि का वाटणार नाही, ज्याचं घर पडतंय त्याच्या बाजूनं कोणतरी उभं राहिलं. पण मला ते पटत नाही. मेयरच कोर्टाच्या माणसावर हात उचलते तेव्हा त्या झोपडीवाल्याला कायद्याचं संरक्षण मिळत नाही, एका घराण्याचं मिळतं, आणि मग तो पुढच्या वेळी पण त्याच घराण्याला मत देणार ना.

खरी मेख दुसरीकडं आहे. त्याच राज्यघटनेत राजकीय घराण्यांना बंदी करावी असंही लिहिलंय, फक्त पुढं "कायद्यानं व्याख्या केल्याप्रमाणे" असं जोडलंय, आणि ती व्याख्या करायची कोणी तर संसदेनं, जिथं घराण्यांचीच माणसं बसलेली! फक्त 2016 ला तरुणांच्या बारांगाय परिषदांसाठी (बारांगाय म्हणजे आपल्या पंचायतीएवढं युनिट) कायदा झाला की त्याच भागातल्या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याचा मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, नातू अशा जवळच्या माणसानं उभं राहायचं नाही. खाली पोरांना नियम लागला, वर कोणाला नाही.

आपल्याकडं टर्मची अट नाही पण आरक्षण फिरतं की. वॉर्ड महिला राखीव झाला की मिसेसचा फॉर्म भरतात, मीटिंगला ताई अध्यक्षांच्या खुर्चीत, चेकवर सही ताईंची, आणि पीडीओ (पंचायतीचे विकास अधिकारी) साहेब फाईल सरकवतात ती शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं. सगळीकडं असं नाही, स्वतः फाईल वाचून मग सही करणाऱ्या अध्यक्षा पण मी बघितल्यात आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण तुमच्या ग्रुपवर मागणी करायचीच असेल तर टर्मबरोबर नात्याची अट पण मागा, नाहीतर निपाणीत पण दावाओच होणार.

प्रश्न: म्हणजे घराण्यातला माणूस वाईटच असतो का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: नाही. मनिलाजवळचं पासिग बघा, तिथं 1992 पासून युसेबियो घराणं, नवरा मेयर, मग बायको, परत नवरा, मग मुलगा, मग सून, परत मुलगा, अशी 27 वर्षं. 2019 ला त्यांना हरवलं विको सोतोनं, तेव्हा तो तिशीत पण पोचला नव्हता. तो पण मोठ्या घरचाच, वडील टीव्हीवरचे प्रसिद्ध कॉमेडियन विक सोतो, काका तेव्हा सिनेटचे अध्यक्ष. पण नगरसेवक असतानाच यानं नगरपालिकेची कागदपत्रं लोकांना मागता येतील असा नियम आणलेला, आणि मला विचाराल तर कागद बघायला मिळणं हेच मोठं, मग खुर्चीवर कोणाचा का मुलगा असेना, हिशोब मागता येतो. 2022 आणि 2025 ला पण तोच निवडून आला. 2028 ला त्याची तिसरी टर्म संपते, तेव्हा त्याच्या घरचं कोण फॉर्म भरतं का ते मी नक्की बघणार आहे.