'महान'चं मूळ असलेला कन्नड 'शंकर गुरू' आज बघावा का?

प्रश्न असा आहे की अमिताभचा 'महान' कुठल्या कन्नड सिनेमावरून घेतलाय आणि तो मूळ सिनेमा आज मराठी माणसाने बघावा का.

सिनेमाचं नाव 'शंकर गुरू', साल १९७८, दिग्दर्शक व्ही. सोमशेखर, संगीत उपेंद्र कुमार, आणि बाप व दोन जुळी मुलं अशा तिन्ही भूमिकांत डॉ. राजकुमार. आणि हो, बघाच. 'महान' पाहिलेला असेल तर जास्तच आग्रहाने सांगेन, कारण तीच गोष्ट इथे किती वेगळी लागते ते लगेच कळतं.

आधी राजकुमारांबद्दल थोडं, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना त्यांचं नाव फक्त चंदनतस्कर वीरप्पनमुळे माहितीय. २००० साली वीरप्पनने त्यांना गाजनूरच्या घरातून उचलून नेलं आणि १०८ दिवस जंगलात ठेवलं, ती बातमी आपल्या पेपरांत पण रोज असायची. पण कर्नाटकात हा माणूस म्हणजे अण्णावरू, आदराने 'मोठा भाऊ'. १९५४ च्या 'बेडर कण्णप्पा'पासून पुढे दोनशेच्या वर सिनेमे केले, १९९५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, आणि त्याच 'कण्णप्पा'ची तेलुगू आवृत्ती सोडली तर कन्नडच्या बाहेर कधी कामच केलं नाही, त्यामुळे सोलापूर, अक्कलकोट, बेळगाव असा पट्टा सोडला की मराठी माणसाला ते पडद्यावर दिसायचा प्रश्नच नव्हता. आम्ही अक्कलकोट बाजूचे, घराशेजारी निम्मी वस्ती कन्नड बोलणारी, केबलवर उदया टीव्ही लागायचा, म्हणून मला हे सिनेमे लहानपणापासून मिळाले.

आता गोष्ट. एका माणसावर खुनाचा खोटा आळ येतो, त्याला पळून जावं लागतं, बायको मागे राहते आणि तिच्या पोटात जुळी. पुढे तो लांब काश्मीरात श्रीमंत होतो पण एकटाच राहतो, इकडे शंकर आणि गुरू बापाशिवाय मोठे होतात, आणि मग जुने गुन्हेगार, मारामाऱ्या, पाठलाग यातून सगळे हळूहळू एकमेकांच्या जवळ यायला लागतात. याच्या पुढचं सांगत नाही.

ताटातूट झालेलं कुटुंब हा त्या काळचा हमखास चालणारा मसाला होता हे खरंच. 'वक्त'मध्ये भूकंप होतो, 'यादों की बारात'मध्ये भाऊ वेगळे होतात आणि गाण्यावरून ओळख पटते, 'अमर अकबर अँथनी' तर 'शंकर गुरू'च्या एकच वर्ष आधीचा. पण मला 'शंकर गुरू' या सगळ्यांत वेगळा वाटतो तो एका गोष्टीमुळे. इथे कुटुंब नशिबाने किंवा जत्रेच्या गर्दीत तुटत नाही, ते तुटतं एका गुन्ह्यामुळे जो बापाने केलेलाच नाही. म्हणजे नुसती ओळख पटून भागणार नाही. बापाने उद्या बायकोला शोधून काढलं तरी तो पोलिसांच्या लेखी फरारीच आहे, तो उजळ माथ्याने घरी जाऊ शकत नाही, आणि बायकोने इतकी वर्षं लोकांचं काय काय ऐकून घेतलं असेल त्याचं काय? आधी तो डाग पुसला गेला पाहिजे. म्हणून यातला सस्पेन्स आणि यातलं रडू हे वेगवेगळं निघत नाही, व्हिलनला पकडणं हेच घर परत जोडणं होतं. नाहीतर आपल्याकडच्या बऱ्याच सिनेमांत कसं, अर्धा तास आई रडते, मग अर्धा तास फायटिंग, मग परत आई, आणि दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही. इथे प्रत्येक मारामारीच्या मागे तो आळ उभा असतो.

आणि दुसरं म्हणजे तो बाप. १९७८ मध्ये राजकुमार ४९ वर्षांचे होते. तरण्या मुलांच्या भूमिका ते करतात, नाचतात, पडतात, उड्या मारतात, आणि प्रेक्षकांनी ते मनापासून स्वीकारलं, पण त्यांच्या खऱ्या वयाच्या जवळ आहे तो बाप, आणि माझ्या मते सिनेमाचा जीव तिथेच आहे. पांढरे केस, चांगले कपडे, चालण्यात रुबाब, पण नजर सारखी कुठेतरी मागे गेलेली. मोठ्याने दुःख करत नाही हा माणूस. समोर कोणी नसलं की खांदे जरासे उतरतात, बस. राजकुमार नाटक कंपनीत वाढलेले, वडील नटच होते, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला पण कळेल असं काम करायची सवय अंगात मुरलेली, आणि तरी या बापाला त्यांनी इतकं आवरून केलंय याचं मला दरवेळी नवल वाटतं. एक वर्ष आधी १९७७ मध्ये 'बभ्रुवाहन'मध्ये त्यांनी अर्जुन आणि बभ्रुवाहन असे बाप-लेक दोन्ही केले होते, तिथे बापाला मुलगा माहीत नाही आणि दोघं समोरासमोर लढायला उभे राहतात. सगळा थाट पौराणिक, मुकुट, धनुष्यबाण, लांबलचक पल्लेदार संवाद. मला वाटतं बाप आणि मुलगा एकाच चेहऱ्याने पण वेगळ्या शरीराने कसे उभे करायचे याची तयारी तिथेच झाली असणार. 'शंकर गुरू'त तेच साध्या शर्ट-पँटमध्ये आहे, आणि ते जास्त अवघड आहे कारण लपायला दागिने नाहीत.

तिहेरी भूमिका म्हणजे आज काही वाटत नाही, पण तेव्हा कॉम्प्युटर नव्हता हे लक्षात ठेवून बघा. कॅमेरा जागचा जराही हलू द्यायचा नाही, फ्रेमचा एक भाग झाकून एका बाजूचं शूट करायचं, मग फिल्म मागे गुंडाळायची, नटाने कपडे-मेकअप बदलून यायचं, आणि आता दुसरा भाग झाकून परत त्याच फिल्मवर शूट. लाईट थोडा जरी बदलला तरी मधली रेघ दिसते. आणि नटाला तर समोर माणूसच नसतो, रिकाम्या जागेकडे बघून बोलायचं आणि पलीकडच्याने किती वेळात उत्तर दिलं होतं ते डोक्यात ठेवायचं. बाकीच्या शॉटला पाठमोरा डुप्लिकेट. हे माहीत असलं की राजकुमार राजकुमारकडे बघतोय त्या शॉटमध्ये नजर किती बरोबर जाते ते बघायला खूप छान वाटतं.

बायकोच्या भूमिकेत कांचना आहे आणि तिचं काम मला फार आवडतं, शांत बाई आहे पण कणखर. जयमाला आणि पद्मप्रिया या दोघी नायिकांना मात्र गाण्यांपलीकडे फारसं काही दिलेलं नाही, ही या सिनेमाची कमीच आहे. व्हिलनगिरीला वज्रमुनी, त्यांचा नुसता आवाज ऐकला तरी कन्नड प्रेक्षक सावरून बसतो. विनोदाचा भाग आज लांबलेला वाटेल आणि फायटिंगचे आवाज त्या काळचेच आहेत, तेवढं चालवून घ्या. गाण्यांत 'लव्ह मी ऑर हेट मी' नक्की ऐका, राजकुमारांनी स्वतः गायलंय. १९७४ च्या 'संपत्तिगे सवाल'पासून ते स्वतःची गाणी नियमित गायला लागले, आणि पुढे १९९२ च्या 'जीवन चैत्र'मधल्या गाण्यासाठी त्यांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आता रिमेकचं. 'शंकर गुरू'च्याच वर्षी, १९७८ मध्ये, तेलुगूत नट कृष्णाने 'कुमार राजा' केला. १९७९ मध्ये तमिळमध्ये 'त्रिशूलम', हा शिवाजी गणेशनचा २०० वा सिनेमा आणि तुफान चालला. तिथे बाप एकदम खुलून, सगळ्या भावना बाहेर काढून केलेला आहे, शिवाजींची ती शैलीच आहे आणि ज्यांना ती आवडते त्यांना तो बाप राजकुमारपेक्षा भारी वाटतो, यावर बेंगळुरूत तमिळ आणि कन्नड मित्र एकत्र बसले की वाद होतोच. मग १९८३ मध्ये हिंदीत 'महान', दिग्दर्शक एस. रामनाथन, ज्यांनी आधी अमिताभला घेऊन 'बॉम्बे टू गोवा' केला होता. बाप वकील झाला, काश्मीरच्या जागी नेपाळ आलं, बायको वहिदा रहमान, झीनत आणि परवीन दोघी, संगीत आर. डी. बर्मन. अमिताभ तिन्हीत चांगलाच आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे सगळं लक्ष एका तिकिटात तीन अमिताभ बघायला मिळतात यावर आहे, आणि त्या गडबडीत बापाच्या डोक्यावरचा आळ आपण मधेमधे विसरूनच जातो. मूळ सिनेमा तो विसरू देत नाही.

भाषेची अडचण थोडी येईल, पण 'महान'ची गोष्ट माहीत असल्यामुळे बरंचसं आपोआप समजेल, आणि कन्नड-मराठीत सारखे शब्द पण पुष्कळ आहेत. शक्य असेल तर कन्नड समजणारं कोणीतरी सोबत घेऊन बसा, निदान पहिल्या तासाला, कारण आळ कसा येतो ते नीट कळलं पाहिजे. आणि आवडला तर नंतर 'बभ्रुवाहन' लावा. त्यात बाप-लेकांचं गाण्यातून होणारं जे भांडण आहे, 'यारु तिळियरु निन्न', ते कन्नड कळत नसलं तरी चालेल, नुसते चेहरे बघा.