मोठी आयात करताना पोस्टग्रेस बंद पडणे: आधी लॉग, मग सेटिंग

आपण लिहिले आहे की कुडचड्यातील कार्यालयात खनिजवाहू ट्रकांच्या जीपीएस नोंदींची सुमारे दहा कोटी ओळींची सीएसव्ही फाइल एकाच कॉपी आदेशाने भरताना पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर मध्येच कोसळते आणि इतर सर्वांची जोडणीही तुटते. यंत्राची मेमरी ४ जीबी आहे, आणि तक्त्यावर ट्रक, चालक व मार्ग अशा तीन फॉरेन की (ओळीतील क्रमांक संबंधित दुसऱ्या तक्त्यात खरोखर आहे ना, हे तपासणारे नियम) आहेत. येथील चर्चेत काहींनी शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेस सर्व प्रक्रियांसाठी राखून ठेवते ती सामायिक मेमरी) ३ जीबी करण्याचा सल्ला दिला आहे. तो कृपया अमलात आणू नये, कारण त्याने उरलीसुरली मेमरीही संपेल. साधारण पाव हिस्सा, म्हणजे आपल्याकडे १ जीबी, पुरेसा आहे.

सर्वांची जोडणी तुटते हीच मोलाची खूण आहे. पोस्टग्रेसला स्वतःला मेमरी मिळाली नाही, तर बहुधा ‘आउट ऑफ मेमरी’ अशी त्रुटी येऊन तेवढाच व्यवहार (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा आदेशांचा गट) रद्द होतो आणि सर्व्हर चालू राहतो. परंतु लिनक्सच्या ओओएम किलरने (यंत्राची मेमरी संपल्यावर प्रक्रिया बंद पाडणाऱ्या यंत्रणेने) एखादी प्रक्रिया मारली, तर सामायिक मेमरी बिघडली असेल या शंकेने मुख्य प्रक्रिया बाकीच्या सर्व प्रक्रिया थांबवून रिकव्हरी, म्हणजे डेटा पुन्हा सुसंगत करण्याचे काम, सुरू करते. लॉगमध्ये ‘टर्मिनेटेड बाय सिग्नल ९’ असे वाक्य सापडले आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये त्याच वेळेची नोंद असली, तर निदान पक्के झाले. त्याऐवजी ‘पॅनिक’ आणि डिस्कवर जागा नसल्याचा उल्लेख दिसला, तर वॉल फाइलींनी (ज्यांत प्रत्येक बदल आधी नोंदवला जातो) डिस्क भरली आहे. तेव्हा विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरसाठी वॉल फाइली राखून ठेवणारी नोंद) किंवा अडकलेले आर्काइव्हिंग (त्या फाइलींची प्रत अन्यत्र साठवणे) शोधावे, वॉल फोल्डरमधील फाइली हाताने कदापि पुसू नयेत.

आपल्या वर्णनावरून माझा संशय फॉरेन कीवर आहे. भरलेल्या प्रत्येक ओळीमागे प्रत्येक फॉरेन कीची एक प्रलंबित तपासणी मेमरीत रांगेला लागते, आणि ही रांग आदेश संपल्यावरच रिकामी होऊ लागते. एक तपासणी काही बाइटांचीच असली, तरी दहा कोटी ओळी आणि तीन फॉरेन की म्हणजे तीस कोटी तपासण्या होतात. ४ जीबीच्या यंत्राला ते झेपणार नाही. वर्क मेम (क्रमवारी लावण्यासारख्या कामांची मेमरी मर्यादा) कमीजास्त करून या रांगेवर काहीही परिणाम होत नाही, आणि पुष्कळांचे दिवस नेमके तेथेच वाया जातात.

म्हणून फाइलीचे दहा-दहा लाख ओळींचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या व्यवहारात भरावा. किंवा तक्त्यावर दुसरे कोणी लिहीत नसेल तर फॉरेन की आणि इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) काढून, सर्व माहिती भरून, मेंटेनन्स वर्क मेम (इंडेक्स बांधण्यासारख्या कामांची मेमरी मर्यादा) तात्पुरते वाढवून ते पुन्हा बांधावेत. दुसरा मार्ग अधिक वेगवान आहे, मात्र चुकीचे ट्रक क्रमांक शेवटीच उघडकीला येतात, त्यामुळे जुन्या नोंदींसाठी मी तुकड्यांचाच मार्ग निवडेन. अर्धवट फसलेल्या आयातीच्या ओळी डिस्कवर जागा अडवून राहतात, तेव्हा पुन्हा सुरू करण्यापूर्वी व्हॅक्यूम करावे (त्या मृत ओळींची जागा मोकळी करावी), आणि तक्ता केवळ याच आयातीसाठी असेल तर ट्रंकेट करावे, म्हणजे पूर्ण रिकामा करावा.

वेगासाठी एफसिंक (लिहिलेला डेटा खरोखर डिस्कवर पोहोचल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद करण्याचा मोह मात्र टाळावा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि एफसिंक बंद असताना वीज गेली तर संपूर्ण डेटाबेस दुरुस्तीपलीकडे बिघडू शकतो. मॅक्स वॉल साइझ (वॉल फाइलींच्या आकाराची मर्यादा) मूळच्या १ जीबीवरून डिस्कच्या जागेनुसार वाढवावे. त्याने चेकपॉइंट (मेमरीतील बदल डेटा फाइलींत उतरवण्याच्या फेऱ्या) कमी होतात आणि तेवढा वेग सुरक्षितपणे मिळतो.

तुकडे करूनही सर्व्हर कोसळल्यास, कोसळण्याआधीच्या लॉगच्या ओळी आणि तक्त्यावरील ट्रिगरांची (ओळ भरताच आपोआप चालणाऱ्या कामांची) यादी येथे द्यावी. आपण स्वतः लिहिलेला एखादा ट्रिगर असेल, तर तपास तेथून पुढे न्यावा लागेल.