12 व्होल्ट 10 अँपिअरचे दोन एसएमपीएस (घरची वीज डीसीत बदलणारे पॉवर सप्लाय) पॅरलल जोडून 150 एएचची इन्व्हर्टर बॅटरी चार्ज केली तर चालेल का?

चालतं, पण 10 अधिक 10 म्हणजे सरळ 20 अँपिअर मिळतील असं समजू नका. दोघांचं व्होल्टेज अगदी सेम कधीच नसतं, ज्याचं थोडं जास्त तो सगळा लोड एकटाच ओढतो आणि दुसरा नुसता बसून राहतो. पहिला लिमिटला पोचल्यावर करंट धरून ठेवणारा असेल तर ठीक, दुसरा आपोआप मदतीला येतो, पण स्वस्तातले बरेचसे ओव्हरलोड झाला की बंद-चालू बंद-चालू करत बसतात, माझ्याकडच्या एकाचा हिरवा एलईडी रात्रभर असाच लुकलुकत होता आणि सकाळी बॅटरी होती तिथेच!

जोडायचेच असतील तर दोघांच्या प्लसला वेगळा शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) लावा, 20 अँपिअरचा, हीटसिंकवर (गरमी घालवणाऱ्या धातूच्या पट्टीवर), म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरी उलटी सप्लायमध्ये रिकामी होणार नाही. डायोड साधारण अर्धा व्होल्ट खातो, तेवढं धरून व्होल्टेज डायोडच्या पुढे मोजून सेट करा, कायम जोडून ठेवणार असाल तर 13.6 च्या आसपास. लेड अ‍ॅसिड बॅटरी फुल व्हायला 14.4 व्होल्ट लागतात आणि 12 व्होल्टवाल्या सप्लायचा व्होल्टेज सेट करायचा छोटा स्क्रू बऱ्याचदा तिथपर्यंत जातच नाही.

मी तरी एकच 15 अँपिअरचा चार्जर घेतला असता.