रोबोसेनचा ऑप्टिमस प्राइम एवढे पैसे मोजून घ्यावा का?

रोबोसेन कंपनीचा हा ऑप्टिमस प्राइम म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मर्स’ कार्टूनच्या नायकाचा, मोटरींवर चालणारा खेळण्यातला रोबोट. हात न लावता रोबोटचा ट्रक होताना बघायची हौस असेल तर घ्या. स्वतः एकेक सांधा वळवण्यातच मजा वाटत असेल, तर मुळीच नको.

2021 मध्ये हा आला तेव्हा आगाऊ नोंदणीची किंमत 699 डॉलर होती. आत 27 सर्व्हो मोटर (सांधे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि आवाज मूळ कार्टूनमधल्या पीटर कलन यांचाच. तोंडी हुकूम दिला की मोटरींची घरघर सुरू होते आणि गडी आपोआप ट्रक होतो. पाहुण्यांसमोर भाव खायला झकास!

पण खरी गोम मोटर, बॅटरी आणि अ‍ॅपमध्ये आहे. सांधा हाताने जबरदस्तीने फिरवला की गिअरचे दात गेलेच म्हणून समजा. बॅटरी महिनोन्‌महिने उतरलेली ठेवली तर तीही बसते. अ‍ॅप नव्या फोनवर किती वर्षं चालेल, याची हमी कोण देणार? टाकारा टोमीच्या 2011 च्या एमपी-10 ला, म्हणजे हाताने वळवायच्या बिनमोटरीच्या ऑप्टिमस प्राइमला, ही कटकटच नाही, वर ट्रेलरही मिळतो. मी तोच घेईन.

सेकंडहँड घेताना रोबोट ते ट्रक आणि परत रोबोट, असा न कापलेला व्हिडिओ मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर सोडून द्या. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्यूटी आधीच हिशोबात धरा.