तेविसाव्या वर्षी सोप्रानो व्हायचं म्हणजे उशीर झाला का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं मराठी कुटुंब. मुलगी २३ वर्षांची, बी.कॉम. झालेली, गाण्यात विशारद. नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गाऊन चार पैसे मिळवते, आणि दीड वर्षापासून ऑनलाइन पाश्चात्य गायन शिकते. तिला सोप्रानो (पाश्चात्य गायनातला स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज) म्हणून ऑपेरात आणि मैफिलीत गायचं आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

सल्ला घ्यायला येताना बाबांनी प्रश्न कागदावर लिहूनच आणले होते. वय उलटून गेलं का? ख्याल गायलेला गळा याला चालतो का? पोट भरेल का? आईचा प्रश्न कागदावर नव्हता: “इतकं वर किंचाळायचं म्हणजे गळा बसणार नाही का हो?”

या वाटेला निघालेल्या बहुतेक घरांतून हेच चार प्रश्न येतात, आणि वयाचा प्रश्न नेहमी पहिला असतो. गळ्यापुरतं उत्तर सोपं आहे. सोप्रानोचा आवाज विशीच्या शेवटी, तिशीच्या सुरुवातीला पक्व होतो. जड, भारदस्त जातीचे आवाज त्याहूनही उशिरा. तेविशीत मोठ्या भूमिका गळ्यावर घेणं हेच उलट घातक. उशीर होतो तो वेगळ्याच गोष्टींना.

तिच्यासमोर पाश्चात्य स्वरलिपीत लिहिलेली, न पाहिलेली आठ बारांची (तालखंडांची) ओळ ठेवली आणि कीबोर्डवर पहिला स्वर दिला. ती कागदाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “यात सा कुठला धरू?”

खरी अडचण इथे होती. संगीतज्ञ मौलाबक्षांनी १८८६ साली ज्या शहरात गायनशाळा सुरू केली आणि स्वरलिपीचा आग्रह धरला, त्या शहरातल्या विशारद मुलीला लिहिलेली ओळ वाचून गाता येऊ नये, याची गंमतही वाटते आणि वाईटही वाटतं. पण दोष तिचा नाही. ख्यालात पट्टी (सा कुठल्या सुरावर धरायचा ते) गाणाऱ्याची असते. तिची काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी). ऑपेरात पट्टी रचनाकाराने ठरवलेली. तुमच्यासाठी पूर्ण वाद्यवृंद अर्धा सूर खाली उतरत नाही. शिवाय तंबोऱ्यावर मुरलेला तिचा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (एका अर्ध्या सुराचे शंभर सेंट) उतरता लागतो. तिला तो गोड वाटतो, शिक्षिकेला बेसूर, आणि आपापल्या जागी दोघीही बरोबर आहेत.

दुसरा प्रश्न गळ्याचा. काळी चारच्या मध्य ‘सा’पासून ती तार मध्यमापर्यंत खुल्या, छातीच्या आवाजात जायची. सोप्रानोचा ‘हाय सी’ (वरचा ‘सी’ सूर) याच ‘सा’पासून दोन सप्तकं वर आणि त्यावर शुद्ध गंधार, म्हणजे तिच्या सवयीच्या टोकापासून आणखी जवळजवळ एक सप्तक. तिथवर छातीचा आवाज ढकलत नेला तर तो फुटतो किंवा बसतो. आईची भीती इथे खरी होती. हेड व्हॉइसमध्ये (डोक्यात घुमणाऱ्या हलक्या आवाजात) बदल खूप खालीच, मध्य सप्तकाच्या धैवत-निषादाच्या सुमाराला सुरू करावा लागतो. तो सांधा बुजवायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि त्याला पर्याय नाही.

वरच्या सुरात शब्द कळत नाहीत अशी आईची तक्रार होती. त्याचं कारण तोंडाच्या पोकळीत आहे. ‘ई’ म्हणताना या पोकळीचा पहिला अनुनाद ३००-४०० हर्ट्झच्या आसपास असतो. गायचा सूर ८८० हर्ट्झचा असेल तर जबडा उघडून अनुनाद सुरापर्यंत चढवावा लागतो, आणि ‘ई’ आपोआप ‘आ’कडे झुकते. माइक नसताना सभागृहभर ऐकू जाण्याची ती किंमत आहे.

मग गरबा. त्यावर सगळ्यांत जास्त बोलणं झालं, कारण पैसे तिथून येत होते. नऊ रात्री, रोज तीन तास. मॉनिटरमधून (गाणाऱ्याकडे वळवलेल्या स्पीकरमधून) स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. गोंगाटात प्रत्येकाचं असंच होतं. दसऱ्यानंतर दोन आठवडे तिचा आवाज जाडसर राहायचा. त्यात लंडनसकट ब्रिटनमधल्या बहुतेक संगीत महाविद्यालयांचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात आणि ऑडिशनचं रेकॉर्डिंगही त्याच सुमाराला लागतं. म्हणून ठरलं ते असं: रेकॉर्डिंग ऑगस्टमध्येच, कानात इअर-मॉनिटर, नऊऐवजी पाच रात्री. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर वाफ घेत बसायचं नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्ट्रोबोस्कोपी (स्वरतंतूंची कंपनं दाखवणारी तपासणी) करून घ्यायची. आणि आवाज बसलेला असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊन गायचं नाही. स्वरतंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

रेकॉर्डिंगबद्दल एवढंच की फोनचा माइक मोठा सूर आपणहून दाबतो, आणि फरशीच्या दिवाणखान्यात घुमतं. वेगळा माइक दोन-तीन मीटरवर, खाली गाद्या, पंखा बंद, साथीला जिवंत पियानोवादक, आणि जोडतोड न केलेला एकच टेक.

पोटाच्या प्रश्नावर बाबांना गोड उत्तर दिलं नाही. भारतात कायमचा गायकवर्ग पगारावर ठेवणारं ऑपेरागृह नाही. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, तिथल्याच एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, पण सोप्रानोला त्यांतून वर्षभराचा पगार मिळत नाही. परदेशात स्वतंत्रपणे (फ्रीलान्स) गाणाऱ्यांना बहुधा प्रयोगामागे पैसे मिळतात; त्या संध्याकाळी घसा धरला तर मानधन नाही. जर्मनीत सरकारी अनुदानावरच्या नाट्यगृहांत मासिक पगाराचे गायक असतात, पण करार सहसा वर्षाचे, आणि पुढच्या हंगामाचं नूतनीकरण नको असल्यास ते ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवलं जातं. बाबांनी ती तारीख लगेच लिहून घेतली. त्यांची बँकेत नोकरी झाली होती, असले करार त्यांना पटतात.

शिक्षणाचा खर्चही तिथेच कमी. बहुतेक राज्यांत शिकवणी-फी नाही किंवा नाममात्र. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो. व्हिसासाठी मात्र वर्षाचे ११,९०४ युरो (हा २०२४ चा आकडा) खात्यात दाखवावे लागतात, आणि जर्मन भाषा यावी लागते. काही संस्था गायनाच्या पदवीला पंचविशीच्या आसपासची वयोमर्यादा ठेवतात, तर तरुण कलाकारांच्या ऑपेरा स्टुडिओंची मर्यादा बऱ्याचदा तिशीच्या थोडी पुढे. म्हणजे गळ्याला घाई नव्हती, अर्जाला होती.

शेवटी असं ठरलं. पुढच्या दीड वर्षात रोज ४५ मिनिटं पियानो आणि नोटेशन, त्यानंतर २० मिनिटं गाणं. हा क्रम उलट केला की पियानो राहूनच जातो. जर्मन भाषेची बी-१ (मधल्या पातळीची) परीक्षा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळांची आठवी ग्रेड, जी पुढे शिकवण्याच्या कामालाही उपयोगी पडते. भाषा आणि ग्रेड दोन्ही जमल्या तरच परदेशाचे पैसे काढायचे. एखादी राहिली तर बी.कॉम.च्या जोरावर नोकरी आणि संध्याकाळी शिकवण्या, गाणं चालू.

ख्याल सोडायचा का, हे तिने जाताना दारात विचारलं. सोडू नकोस, पण दोन्ही रियाज एकामागून एक करू नकोस, मध्ये चार तास जाऊ देत, आणि खर्ज सकाळी.

ग्रेड आठ मे महिन्यात झाली. बी-१ चा बोलण्याचा भाग दुसऱ्यांदा राहिलाय, त्यामुळे जर्मनीचा फॉर्म अजून भरलेला नाही.