यूकेत गावाकडे पाच-दहा एकर घेऊन राहिलं तर मार्चमध्ये रोजचा दिवस कसा जातो? नोकरी सांभाळून जमतं का?

तुमच्या प्रश्नाच्या तपशिलातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. "मी तीन दिवस ऑफिसला जाईन, बाकी वर्क फ्रॉम होम, शिवाय बायको घरीच असते, त्यामुळे थोड्या मेंढ्या-कोंबड्या जमतील असं वाटतं." जमतील की. फक्त त्या तुम्ही पाळणार नाही, बायको पाळणार आहे. हे तिला आत्ताच सांगा, जागा बघायला जायच्या आधी.

आम्ही वेल्समध्ये केरेडिगियनला राहतो, टायव्ही नदीच्या खोऱ्यात. नऊ एकर जमीन, त्यातला ओढ्याकाठचा तुकडा वर्षातले आठ महिने दलदलच असतो. बावीस मेंढ्या, एक मेंढा, कोंबड्या आणि एक पॉलिटनल, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाचं बोगद्यासारखं हरितगृह. नवरा हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर आहे, जायला तासभर लागतो, शिफ्टा दिवसाच्या-रात्रीच्या कुठल्याही. म्हणजे तुमच्यासारखंच, एकाची नोकरी आणि दुसरं माणूस "घरीच". घरीच असलेलं माणूस मी.

आता मार्चचा दिवस. सुरुवातीला उजाडायला जवळजवळ सात वाजतात पण मेंढ्या व्यायला लागल्या की उजाडण्याची वाट बघून चालत नाही, रात्री दोन-तीन वेळा बॅटरी घेऊन वाडग्यात, म्हणजे मेंढ्यांच्या गोठ्यात, फेरी असतेच. सकाळी पहिलं काम पाणी, कारण रात्री पारा शून्याखाली गेला असेल तर पाइप गोठलेला असतो आणि बादल्या स्वयंपाकघरातून भरून न्याव्या लागतात, आणि नुकती व्यालेली मेंढी पाणी किती पिते ते बघितल्याशिवाय कळत नाही. मग गवत आणि खुराक. गवत म्हणजे वाळलेलं, विकतचं, कारण जमीन पाच-सहा डिग्रीच्या वर गेल्याशिवाय हिरवं गवत वाढतच नाही, आणि मार्चमध्ये लोकांचे साठे संपत आलेले असल्याने नेमका तेव्हाच भाव चढतो. आदल्या उन्हाळ्यातच भरून ठेवा. मग ओला पेंढा काढून कोरडा टाकणे, नव्या कोकरांच्या नाळेला आयोडीन, प्रत्येक आईची कास बघणे, सड उघडलेत का ते पिळून बघणे, कोकराच्या पोटाला हात लावून ते भरलंय का ते बघणे. खिडकीत मिरच्या-टोमॅटोची रोपं, अंड्यांच्या ट्रेमध्ये मोड यायला मांडलेले बियाण्याचे बटाटे, पॉलिटनलमधली मेथी-कोथिंबीर, हे सगळं यातूनच अधेमधे. आणि सगळीकडे चिखल. आपल्याकडे पावसात चिखल होतो तेव्हा निदान हवा उबदार असते, इथे चार डिग्रीच्या चिखलात बूट रुतून बसतो आणि वर बारीक पाऊस दिवसभर.

वसंत ऋतूची सुरुवात म्हणून फोटोंत दिसतात ती डॅफोडिल्स आमच्याही बांधावर येतात, सुंदर असतात, खोटं कशाला सांगू. पण जागा बघायला एजंट तुम्हाला मे-जूनमध्ये बोलावेल. तुम्ही मार्चमध्ये जा.

आता मुख्य गोष्ट. गेल्या मार्चमध्ये माझे मोठे दीर आणि जाऊबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. भाऊजी सीए आहेत, हिशेबाला पक्के आणि स्वभावाने वाईट मुळीच नाहीत, आमच्या अडचणीच्या वेळी पैसे त्यांनीच दिले होते. आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले चला तुमच्या शेतीचा ताळेबंद करू, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. खुराक किती, गवत किती, लसी, डॉक्टरची व्हिजिट, कानातले टॅग, लोकर कातरणाऱ्याचे पैसे, कोकरं विकून काय आलं. मी चपात्या लाटत आकडे सांगत होते. मजुरीची ओळ आली तिथे त्यांनी मला विचारलंच नाही, शून्य टाकलं आणि पुढे गेले. मी म्हटलं भाऊजी मजुरी शून्य कशी, तर म्हणाले, "अगं बाहेरचा माणूस लावलाय का तुम्ही? तू घरीच असतेस ना."

त्याच रात्री दोनच्या फेरीला गेले तर एक मेंढी कोपऱ्यात अडलेली. आमच्या मेंढ्या लानवेनोग जातीच्या, इथल्याच खोऱ्यातली जात, काळ्या तोंडाची, स्वभावाने गरीब, आणि जुळी तर नेहमीचीच. आपल्याकडे दख्खनी मेंढीला सहसा एकच कोकरू होतं, म्हणून तर आमच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीतला जुळ्यांचा जीन दख्खनीत आणून नारी सुवर्णा जात तयार केली. माझं माहेर फलटण तालुक्यात, त्यामुळे मेंढीला दोन कोकरं होणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मी लहानपणापासून ऐकलंय. इथे जानेवारीत स्कॅनिंगवाला येतो आणि पोटात किती आहेत त्याप्रमाणे मेंढीच्या पाठीवर रंगाची खूण करतो. हिच्या पाठीवर तिळ्यांची खूण होती. पाणमोट फुटून वेळ झाला होता, आणि बाहेर नुसतं डोकं. सुजलेलं, जीभ बाहेर, पुढचे दोन्ही पाय मागे राहिलेले.

नवरा नाइटला. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला तर ते दुसऱ्या फार्मवर सिझेरियनला गेलेले. मी भाऊजींना उठवलं, दिवा धरायला. ते लगेच आले, माझ्या नवऱ्याचा कोट आणि बूट घालून, हेही सांगायला हवं.

असं कोकरू नुसतं ओढायचं नसतं. खांदे अडकतात आणि दोघंही जातात. हात कोपरापर्यंत धुऊन भरपूर जेल लावायचं, कळ ओसरली की डोकं हळूहळू आत ढकलायचं, मग बोटांनी एकेक पाय शोधायचा आणि खूर तळहातात झाकून पुढे आणायचा, कारण उघड्या खुराने गर्भाशय फाटतं. हे लिहायला दोन ओळी लागल्या, प्रत्यक्षात आत तीन पिल्लांचे पाय असतात आणि हाताला लागलेला पाय या डोक्याचाच आहे ना हे डोळे मिटून खांद्यापासून चाचपत ठरवायचं असतं, आणि मेंढी कळ देते तेव्हा तुमचा हात तिच्या हाडांमध्ये चिरडतो. पहिलं आलं, जिवंत. दुसऱ्याचे मागचे पाय आधी आले. ते वळवायचं नाही, तसंच काढायचं, पण निघायला लागलं की पटकन, कारण नाळ तुटली की ते आतच श्वास घ्यायला बघतं आणि छातीत पाणी जातं. तेही जगलं. तिसरं अगदी लहान, लुळं. नाकात गवताची काडी घालून शिंकायला लावलं, टॉवेलने जोरात चोळलं, थर्मामीटर लावलं तर छत्तीस. कोकराचं एकोणचाळीस-चाळीस पाहिजे.

इथे बरेच नवे लोक घाई करतात म्हणून नीट सांगते. सदतीसच्या खाली असलेल्या कोकराला लगेच दूध पाजू नका. नुकतं जन्मलेलं असेल तर आधी कोरडं करा, ऊब द्या, सदतीसच्या वर आलं की मग नळीने चीक, म्हणजे व्याल्यावरचं आईचं पहिलं घट्ट दूध. किलोमागे पन्नास मिली, म्हणजे चार किलोच्या कोकराला दोनशे, आणि तो पहिल्या दोन तासांत गेलेला बरा, कारण रोगाशी लढायची सगळी ताकद त्याला चिकातूनच मिळते, आईच्या पोटात मिळत नाही. आणि पाच तासांहून मोठं असेल, मान टाकलेली असेल, तर ऊब द्यायच्याही आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन, नाहीतर गरम होता होता आकडी येऊन मरतं. ते इंजेक्शन डॉक्टरकडून आधीच शिकून ठेवा, रात्री अडीचला व्हिडिओ बघत शिकायची गोष्ट नाही ती.

हे आमचं नुकतंच जन्मलेलं होतं त्यामुळे उबेच्या पेटीत ठेवलं, आईचा चीक काढला, ते सदतीसच्या वर आल्यावर नळीने पाजला. तोवर चार वाजले. भाऊजींना झोपायला पाठवलं. पण मेंढीला सड दोनच, तिसरं तिच्याखाली ठेवलं तर तिन्ही अर्धपोटी राहतात. पहाटे एक एकट्या कोकराची मेंढी व्यायला लागली, तेव्हा तिच्याच पाण्याने या तिसऱ्याला नखशिखान्त भिजवलं आणि तिचं कोकरू बाहेर पडता पडता आधी हे तिच्या नाकासमोर ठेवलं. तिने दोघांनाही चाटायला सुरुवात केली. एका मेंढीला असं फसवणं वाईट वाटतं का, तर नाही वाटत, आनंदाने रडू येतं. ते कोकरू मादी होती, विकली नाही, आज कळपात आहे.

सकाळी नवरा आला, मी आंघोळ करून सगळ्यांना पोहे केले. भाऊजी म्हणाले काल रात्री तू कमाल केलीस, डॉक्टरसुद्धा यापेक्षा वेगळं काय करणार, आणि ते मनापासून म्हणत होते. मग लॅपटॉप उघडून तीच शीट पुढे चालू. मी म्हटलं आता तरी तो शून्य बदला. तर म्हणाले, "अगं पण तुला आवड आहे म्हणून करतेस ना, आवडीला कोणी मजुरी लावत नाही."

पाहुणे होते म्हणून तेव्हा गप्प बसले. आज तुम्ही तेच लिहिलंत म्हणून सांगते, लावतात. भाऊजींना आकडेमोडीची आवड आहे म्हणून क्लायंट त्यांना फुकट राबवतात का? डॉक्टर रात्री आले असते तर बिल आलं असतं आणि ते त्या शीटमध्ये खर्चात गेलं असतं. मी केलं तर शून्य. यूकेत एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात एकवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या कामगाराला तासाला कमीत कमी १२.२१ पौंड द्यावे लागत होते. माझे आठवड्याला तीसेक तास धरले, म्हणजे साधा आठवडा, मार्च नव्हे, तरी त्या दराने आठवड्याचे ३६६ पौंड होतात. बावीस मेंढ्या हे कधीच देणार नाहीत, मान्य आहे, पण मग तोटा तोटा म्हणून लिहा ना. कोणाच्या तरी कामाला शून्य लावून तोटा कमी दाखवायचा आणि वर शेती "जमते" म्हणायचं, ही लबाडी आहे.

लहानपणी आमच्या रानात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचा तांडा, उतरायचा, वडील खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. पुरुष कळप घेऊन चरायला जायचे आणि मागे राहिलेली कोकरं, दुखणाईत मेंढ्या, घोडी, पाणी, स्वयंपाक, उठून पुढच्या मुक्कामाला जायचं बिऱ्हाड, सगळं बायकांवर. कोकरू जगलं तर त्या बाईमुळे जगायचं. धान्य किती द्यायचं ही बोलणी मात्र वडील आणि पुरुष मंडळींमध्येच व्हायची. इतक्या लांब येऊन, ग्रॅज्युएट होऊन, मला तोच हिशेब एक्सेलमध्ये बघायचा नाही.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, तीन दिवस ऑफिस करून जमतं, जर मेंढ्या सहा-आठच असतील, व्यायच्या तीन-चार आठवड्यांत तुम्ही सलग रजा काढणार असाल, आणि बायकोला हे स्वतःला करायचं असेल. करायचंय का ते तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. मला करायचं होतं, जागाही मीच शोधली, आणि कोणी आज परत पुण्यात फ्लॅट दिला तरी मी जाणार नाही. म्हणून मला हे लिहायचा हक्क आहे असं समजते.

बाकी बारीकसारीक. मेंढी आणायच्या आधी जमिनीचा सीपीएच नंबर (म्हणजे तिथे जनावरं ठेवण्यासाठीचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि कळपाचा नंबर काढावा लागतो, एक मेंढी असली तरी. नवीन जनावर आणलं की सहा दिवस तुमच्या जागेवरून मेंढ्या-गाई हलवता येत नाहीत. मेलेलं जनावर शेतात पुरता येत नाही, उचलणारा मान्यताप्राप्त माणूस बोलवावा लागतो, त्याचे पैसे. हेज, म्हणजे शेताचं झुडपांचं कुंपण, छाटायची असेल तर फेब्रुवारीतच उरका, १ मार्चपासून पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ सुरू होतो. बर्ड फ्लूचा आदेश निघाला तर कोंबड्या आत कोंडाव्या लागतात, तेवढी जागा आधीच करून ठेवा. डोमकावळे नुकत्या जन्मलेल्या कोकराचे डोळे आणि जीभ फोडतात, त्यामुळे पहिले दोन दिवस तरी छपराखाली. व्हिसाचं वकिलाला विचारा, सगळ्या व्हिसांवर स्वतःचा धंदा करता येत नाही. मी सांगतेय ते वेल्सचं, स्कॉटलंडमध्ये नियम आणि थंडी दोन्ही वेगळं.

आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर गरोदर बाईने व्यायला आलेल्या मेंढीच्या, नव्या कोकरांच्या आणि व्याल्यावर पडणाऱ्या वारेच्या जवळपासही जायचं नसतं, टॉक्सोप्लाझ्मा आणि मेंढ्यांच्या गर्भपाताचे जंतू तिच्या गर्भाला धोक्याचे असतात. वाडग्यातले तुमचे कपडेसुद्धा तिने धुवायचे नाहीत. म्हणजे त्या वर्षी मार्चमध्ये रात्रीच्या फेऱ्याही तुमच्या आणि वॉशिंग मशीनही तुम्हीच लावायचं. ते तीन दिवसांच्या ऑफिसात बसतं का ते आधी बघा.