ब्राउझर ‘नीट चालतोय’, मग बदलायचा कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज ७ वर क्रोम १०९ आहे, बहुतेक साइट उघडतात, अँटिव्हायरसही आहे, मग बँकेची साइट ‘ब्राउझर जुना आहे’ म्हणून का अडवते? नवा कॉम्प्युटर घ्यायला लावायचा हा डाव तर नाही? शंका रास्त आहे. पण ब्राउझर नीट चालतो यावरून तो सुरक्षित आहे की नाही हे अजिबात कळत नाही.

क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचा कोड खुला आहे, फायरफॉक्सचाही. एखादी त्रुटी सापडली की दुरुस्ती त्या कोडमध्ये जाते आणि नवी आवृत्ती निघते. मग कुणीही जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून भगदाड नेमकं कुठे होतं ते शोधू शकतो. ज्यांनी अपडेट घेतलं त्यांचं भगदाड बुजलं. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्या भगदाडाचा पत्ता जाहीर झाला. म्हणजे तुमच्या ब्राउझरमध्ये काहीही न बदलता त्याचा धोका दर महिन्याला वाढतोय. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आणि ‘मी भलत्या साइटवर जातच नाही’ हे पुरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडमध्ये, एक गंभीर त्रुटी सापडली. मुद्दाम बिघडवलेलं चित्र पानावर नुसतं दिसलं तरी हल्ल्याला वाट मिळत होती, क्लिक करायचीही गरज नव्हती. ती लायब्ररी क्रोम, फायरफॉक्स, एज सगळ्यांतच होती. दुरुस्ती देतानाच गूगलने सांगितलं होतं, की या त्रुटीचा गैरवापर आधीच सुरू झाला आहे. असं चित्र जाहिरातीतून एखाद्या चांगल्या साइटवरही पोचू शकतं.

एकदाच पक्का, निर्दोष ब्राउझर का बनवत नाहीत? कारण त्यात लाखो ओळींचा कोड असतो आणि त्यातला मोठा भाग सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. क्रोमियमच्या गंभीर सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्या चुकांमुळे होतात, असं त्या टीमनेच २०२० मध्ये सांगितलं. त्रुटी निघत राहणार. म्हणून तर क्रोमने २०२३ पासून सुरक्षा अपडेट दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली.

अँटिव्हायरस प्रामुख्याने फाइली आणि प्रोग्रॅमच्या संशयास्पद हालचाली तपासतो. ब्राउझरच्या मेमरीतच चालणारा, तुमचं लॉगिन उचलून निघून जाणारा कोड त्याच्या नजरेतून सुटू शकतो. इन्कॉग्निटोचा, म्हणजे खासगी विंडोचा, तर इथे काहीच उपयोग नाही; तो फक्त इतिहास वगैरे मागे ठेवत नाही.

आता बँकेबद्दल. सुरक्षित जोडणीचे नियमही जुने होतात. ब्राउझर आणि साइट यांच्यातली देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्यांना मोठ्या ब्राउझरनी २०२० मध्येच रजा दिली. साइट खरी आहे हे ठरवणारी मूळ प्रमाणपत्रंही कालबाह्य होतात. ३० सप्टेंबर २०२१ ला असं एक प्रमाणपत्र संपलं आणि कित्येक जुन्या उपकरणांवर चांगल्या साइटही ‘असुरक्षित’ दिसू लागल्या. मला यात सर्वांत वाईट वाटतं ते हे, की माणसाला इशारा डावलून पुढे जायची सवय लागते आणि खरा धोका समोर आला तरी तो तसाच पुढे जातो. दुरुस्त्या न मिळणाऱ्या ब्राउझरला बँक अडवते ती बरोबरच करते.

साइटचा लेआउट विस्कटणं, बटणं न चालणं वगैरे त्रास तुम्हाला ठाऊक असतीलच.

ज्यांची सिस्टिम नवी आहे त्यांनीही एक पाहावं. अपडेट मागच्या मागे उतरतं, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत लागू होत नाही. पन्नास टॅब उघडे ठेवून ब्राउझर कधीच बंद न करणारे लोक इथेच अडकतात. क्रोममध्ये मेनू, मदत, ‘गूगल क्रोमबद्दल’ इथे गेलं की आवृत्ती दिसते आणि तपासणीही होते. अँड्रॉइडवर क्रोमबरोबर ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ही प्ले स्टोअरमधून अपडेट करा, कारण बरीच ॲप्स आतली पानं त्यातूनच दाखवतात. आयफोनवर सफारी आयओएसच्या अपडेटबरोबरच सुधारतो. आणि पानावर उगवलेल्या ‘तुमचा ब्राउझर अपडेट करा’ बटणाला कधीही हात लावू नका. बनावट अपडेट हा मालवेअर पसरवायचा जुना आणि अजूनही चालणारा मार्ग आहे. अपडेट घ्यायचं ते ब्राउझरच्या मेनूतून किंवा कंपनीच्या साइटवरूनच.

तुमच्यापुरतं बोलायचं तर क्रोम १०९ ही विंडोज ७ साठीची शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्सने ११५ ईएसआर ही जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती विंडोज ७ साठी त्यानंतरही सांभाळली. तिला दुरुस्त्या कधीपर्यंत आहेत ते फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या साइटवर पाहा. पण खुद्द विंडोज ७ चाच नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आहे, त्यामुळे ती फार तर तात्पुरती सोय. मशीनचा प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून चालू ब्राउझर वापरता येईल, नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही. तोवर बँकेचं काम अपडेट असलेल्या फोनवरून करा आणि बुकमार्क एक्स्पोर्ट करून ठेवा. रॅम किती आहे आणि प्रोसेसर ३२ बिट की ६४, एवढं कळवा, म्हणजे कुठलं लिनक्स झेपेल ते सांगतो.